आकडे बरे, माणूस बरा नाही

मी एक जुना, पाऱ्याचा, रक्तदाब मोजायचा डबा आहे, मित्रांनो. झाशीच्या प्रेम नगरातल्या एका लहानशा दवाखान्यात, औषधांच्या कपाटावर, हल्ली भिंतीला पाठ टेकून पडलेला असतो. झाकण उघडलंत तर आत काचेची उभी नळी दिसेल, तिच्या बाजूला आकडे, तळाशी चांदीसारखा चमकणारा पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा. फुग्याला चिरा पडल्या आहेत. माझ्या वयाला शोभतील अशाच.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. नळीत पारा भरून झाल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने मला उभं केलं, डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "सही है." बस, एवढंच. पण तेवढ्या शब्दांवर माझी छाती फुगली ती कायमची. भुशाने भरलेल्या खोक्यात बसून मी झाशीला आलो, तेव्हा माझ्याकडे सामान असं काही नव्हतं. एक अभिमान तेवढा होता, की आपण कधी खोटं बोलत नाही.

दवाखान्यात माझं कौतुक फार झालं. लोक माझ्यासमोर श्वास रोखून बसत. पारा वर चढला की घरच्यांचे चेहरे उतरत, पारा ठीक जागी थांबला की "चलो, बच गए" म्हणत ती मंडळी चहाला जात. एवढा मान देवळातल्या घंटेलाही नसेल.

मला हाताळायची इंदुमती सिस्टर. वडील रेल्वेत, मूळचे जळगावकडचे. ती झाशीतल्याच नगरा नावाच्या वस्तीत लहानाची मोठी झाली. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी तिची जीभ दोन खोल्यांत राहायची. दवाखान्याचे मोठे डॉक्टर रामकृष्णजी. त्यांच्याकडे शस्त्रक्रियाही असत आणि वॉर्डही असे, म्हणून अत्यवस्थ रुग्ण आला तर ते येईपर्यंत काय तपासायचं आणि काय सुरू करायचं, हे त्यांनी इंदुमतीला नीट शिकवून तिच्यावर सोपवलं होतं. तिची एक खोड मला अजिबात आवडत नसे. रुग्ण आला की ती आधी त्याचा हात हातात घेऊन बसायची, त्याच्या पायांना हात लावायची, छातीकडे बघत बसायची, आणि मग माझं झाकण उघडायची. मला वाटे, मी असताना या चाचपडण्याची गरजच काय?

ते मला एका मे महिन्यात कळलं.

झाशीतली मेची दुपार तुम्ही पाहिली नसेल तर देवाचे आभार माना. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. त्या उन्हात एक टेम्पो दारात थांबला आणि कांताबाईंनी नवऱ्याला जवळजवळ ओढतच आत आणलं. नवरा म्हणजे जगन्नाथराव, रेल्वेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. उंच, भरदार मिशांचा माणूस, पण तेव्हा मिशाच काय त्या उभ्या होत्या.

"लू लागलीय हो सिस्टरजी," कांताबाई म्हणाल्या. एका हातात कैरीच्या पन्ह्याची बाटली, पदराला कांदा बांधलेला. "सकाळी घेरी येऊन पडले. पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला, तरी उठेनात."

"रेल्वेच्या दवाखान्यात नाही नेलं?"

"तिथे नको!" हे जगन्नाथराव म्हणाले. डोळे मिटलेले होते, पण आवाजात इंजिनाची शिटी होती. "लू तो है. एक बोतल चढा दो, शाम को चला जाऊँगा. रात को ड्यूटी है."

इंदुमतीने पट्टा बांधला, फुगा दाबला. मी मन लावून पारा चढवला, हळूहळू उतरवला, आणि आकडा दाखवला. एकशे दहा. नाडीही अडुसष्ट, संथ, घड्याळासारखी.

"बघा, नॉर्मल आहे की नाही!" कांताबाई रडता रडता हसल्या. मीही हसलो असतो.

इंदुमती हसली नाही. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागलेला माणूस तव्यासारखा तापतो. हे कपाळ गार होतं आणि घामाने चिकट. पाय गार. तिने नखावर बोट दाबून सोडलं, तर पांढरं पडलेलं नख लवकर गुलाबी होईना. श्वास उथळ आणि भरभर. मित्रांनो, माझा फुगा तिच्या मुठीत होता. ती मूठ किती घट्ट आवळली गेली, ते फक्त मला कळलं. आणि मग मलाही भीती वाटू लागली.

तिने वॉर्डातल्या बाईला शस्त्रक्रियेच्या खोलीकडे पिटाळलं. आत एका बाळंतिणीचं पोट उघडलेलं होतं. दाराआडून डॉक्टरांचा निरोप आला, "एक सौ दस है, पल्स अड़सठ है, तो ग्लूकोज लगाइए. टाँके लगाकर आता हूँ." त्यांचं तरी काय चुकलं? मीच तसं सांगितलं होतं.

"जगन्नाथराव, शौचाला कसं होतंय?" इंदुमतीने मराठीत विचारलं.

"ठीक."

"काळं? डांबरासारखं?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "जांभळं खाल्ली होती."

"मे महिन्यात?" ती म्हणाली. "कोणत्या झाडाची हो? मलाही दाखवा."

जगन्नाथरावांना राग आला. "मी घरी चाललो," म्हणत त्यांनी कोपरावर जोर दिला आणि ते उठून बसले. पट्टा दंडालाच होता. इंदुमतीने झटकन फुगा दाबला. मी पारा चढवला आणि उतरवू लागलो. एकशे दहावर काही नाही. शंभरवर काही नाही. नव्वदवर काही नाही. मी खाली खाली घसरत होतो, विहिरीत दोर सुटल्यासारखा, आणि तळ लागेना. ऐंशीच्याही खाली कुठेतरी एक पुसट ठोका आला. तोवर जगन्नाथरावांचे डोळे फिरले आणि ते उशीवर कोसळले.

कांताबाई किंचाळल्या.

इंदुमतीने पलंगाची पायाकडची बाजू उचलून खाली विटा सारल्या, नाकाला प्राणवायू लावला, दोन्ही हातांत जाड सुया घातल्या, सलाइन भरभर सोडलं, रक्ताचा नमुना काढून बाजूला ठेवला. हात पटापट चालले होते, पण ओठ पांढरे पडले होते. आणि ती स्वतःशीच पुटपुटत होती, "नाडी का पळत नाही? शौच काळं, म्हणजे पोटात रक्त जातंय, तर नाडी पळायला हवी. का नाही पळत?"

तिने कांताबाईंचे खांदे धरले. "वहिनी, हे कुठली गोळी घेतात?"

"काही नाही हो. गोळ्या कसल्या?"

"वहिनी."

"त्यांनी शपथ घातलीय!" कांताबाईंनी तोंडात पदर कोंबला. मग तो काढला आणि सगळं एका दमात बाहेर आलं. दोन वर्षांपासून जगन्नाथरावांचा दाब वाढलेला होता. रेल्वेत ड्रायव्हरांची ठरावीक मुदतीने तपासणी होते. त्यात दाब सापडला तर मेन लाइनवरून खाली उतरवतात. म्हणून गुपचूप बाजारातून दाबाची गोळी आणायची, रोज एक आणि तपासणीच्या दिवशी दोन घ्यायच्या आणि ताठ मानेने पास व्हायचं. तीच गोळी नाडीलाही लगाम घालते, हे त्यांना कुठे ठाऊक? इंजिनात बसून बसून कंबर धरली, तेव्हा दुखण्याची गोळीही अशीच, कुणाला न सांगता, उपाशीपोटी. त्या गोळीने पोटात जखम केली, जखमेतून रक्त वाहू लागलं, आणि पहिल्या गोळीने ते माझ्यापासून लपवलं.

ज्याचा दाब नेहमी एकशे सत्तर, त्याचे एकशे दहा म्हणजे घर जळून उरलेल्या भिंती. मी खरंच सांगत होतो, मित्रांनो. माझा आकडा बरोबर होता. आणि त्या बरोबर आकड्याने एक माणूस मरणार होता. असं भय मला ना त्याआधी वाटलं, ना त्यानंतर.

इंदुमती स्वतः धावत शस्त्रक्रियेच्या दाराशी गेली. तिचा आवाज वॉर्डापर्यंत आला. "डॉक्टरसाहब, नंबर अच्छे हैं, आदमी अच्छा नहीं है. पेट में खून जा रहा है, और नाड़ी को दवा ने बाँध रखा है."

आतून आवाज आला, "खून का इंतज़ाम कराइए. आ रहा हूँ."

पण रक्त कुठून? रक्तपेढीत त्या गटाच्या बाटल्या संपत आलेल्या. बदली रक्त देणारे आणा, म्हणाले. कांताबाईंचं माहेर खानदेशात. झाशीत त्यांचं माणूस म्हणजे नवऱ्यासोबतचे ड्रायव्हर. ते सापडणार लॉबीत, म्हणजे ड्यूटीवर जाताना सगळे हजेरी लावतात त्या खोलीत, साहेबांच्या टेबलासमोर. तिथे फोन करायचा म्हणजे दोन वर्षांचं गुपित भोंगा वाजवून सांगायचं.

जगन्नाथरावांना शुद्ध येत होती. त्यांनी बायकोचं मनगट धरलं. "लॉबीत नको. कांता, इंजिनावरून उतरवतील मला. मग मी काय उरलो?"

कांताबाई फोनकडे बघत उभ्या राहिल्या. पुन्हा पट्टा बांधला गेला. जगन्नाथराव आडवे असूनही मी आता नव्वदला थांबत नव्हतो. खाली जायचं नाही, असं मी किती ठरवलं! पण पाऱ्याला ठरवता येत नाही. त्याला पडावं लागतं.

"इंजिनावरून उतरलात तर घरी याल," कांताबाई म्हणाल्या. त्यांनी एकेक बोट सोडवून आपलं मनगट मोकळं करून घेतलं. "मला घरी हवेत तुम्ही." आणि त्यांनी फोन उचलला.

डॉक्टर हातमोजे उतरवत आले. त्यांनीही आधी गार पायांना हात लावला आणि माझ्याकडे नंतर पाहिलं. पोटात नळी गेली, तिच्यातून कॉफीच्या गाळासारखं काळं रक्त आलं. तेवढ्यात दारात एक जीप थांबली आणि ग्रीसचा वास घेऊन सहा-सात जण उतरले. "कहाँ है हमारा दादा? अरे, इतनी बड़ी मूँछ और इतना छोटा कलेजा! बता नहीं सकता था?" एकजण ओरडला, आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला. ते सगळे रक्तपेढीकडे गेले. गंमत म्हणजे त्यांतल्या दोघांना रक्त देता आलं नाही. रक्त घेण्याआधी तपासलं, तर त्यांचाही दाब चढलेला निघाला.

संध्याकाळपर्यंत बाटल्यांमागून बाटल्या चढल्या. मला दर थोड्या वेळाने उघडत होते आणि मी दर वेळी थरथरत वर जात होतो. शंभर. एकशे वीस. एकशे चाळीसला मी पोचलो तेव्हा इंदुमती स्टुलावर बसली, माझा फुगा मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. नखं गुलाबी झाली होती.

जगन्नाथराव वाचले. मेन लाइन मात्र गेली. त्यांना लॉबीत खुर्ची मिळाली, आणि बरेच महिने ते कुणाशी धड बोलले नाहीत. रुळांवरून गाडी धडधडत गेली की हातातला चहा तसाच गार व्हायचा, असं कांताबाई सांगत. मी तुम्हाला हे गोड करून सांगणार नाही. त्यांनी गमावलं ते मोठंच होतं.

पुढे बिनपाऱ्याची यंत्रं आली, आकडे आपोआप लुकलुकणारी. पारा विषारी, म्हणून माझी जागा कपाटावर गेली. रुसलो नाही असं नाही. आता कुणी येऊन मला सांभाळून नेईल, पारा वेगळा काढेल. जमिनीवर आपटू नका एवढंच मागणं आहे. माझा पारा सांडला तर मुलांनी त्याला हात लावू नये.

आणि एक मागणं आहे, मित्रांनो, ते माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात कुणीतरी उशाखाली, डब्यात, शर्टाच्या खिशात गोळी लपवत असेल. बाबा असतील, आजी असेल. त्यांना रागावू नका. भीतीपोटीच लपवतात माणसं. जवळ बसा, हात हातात घ्या आणि विचारा. आम्ही यंत्रं दंडाला कितीही घट्ट बिलगलो, तरी माणसाने काय गिळलंय ते आम्हाला कळत नाही.

जगन्नाथराव निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला यायचे. बाही स्वतःच वर करायचे. हात अजून घाबरलेला असायचा, माझ्या पट्ट्याला ते कळायचं. आणि इंदुमतीने फुगा हातात घेण्याआधीच मोठ्याने, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "सिस्टरजी, सकाळी गोळी घेऊन आलोय. आता मोजा."