गच्चीवरचं बोलणं

गव्हाचा चीक कोणासाठी थांबत नाही. शिजला की गरमागरम सोऱ्यात भरायचा आणि गार व्हायच्या आत कुरडया घालून मोकळं व्हायचं. एकीने ढवळायचं, एकीने सोऱ्या दाबायचा, एकीने प्लास्टिकच्या कागदावर कुरडई धरायची. एकट्या बाईचं हे काम नव्हे. म्हणून आमच्या गल्लीत पद्धतच आहे, ज्या घरी चीक त्या घरी सगळ्यांनी जायचं. बोलावणं वगैरे भानगड नाही. गच्चीवर पातेलं चढलं की बायका हजर. मी सिडकोत राहायला आले तेव्हापासून हे असंच चालत आलंय.

यंदा माझी पाळी सगळ्यात शेवटी होती. पातेलं चढलं, शेगडी पेटली, आणि एकही बाई आली नाही.

समोरच्या गच्चीवर सगुणाबाई कपडे वाळत घालत होती. तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं, आणि ती एकच टॉवेल झटकत बसली. एरवी ही बाई माझ्याकडे फोडणीचा वास आला तरी वाटी घेऊन येणारी! असा संताप आला म्हणून सांगू. पण संतापून करते काय? बायका का येत नाहीत ते मला चांगलं ठाऊक होतं.

माझी मुलगी हर्षाली अंबडला एका कंपनीत एचआरमध्ये होती. चांगली नोकरी, न्यायला-आणायला गाडी. पण कंपनीत माणसं कमी करायची टूम निघाली की हिचं काम वाढायचं. एकेकाला केबिनमध्ये बसवायचं, चहा द्यायचा, "मनात असेल ते बोला, इथलं इथेच राहील," असं म्हणायचं, आणि तो जे काही बोलेल ते वरच्या साहेबांना कळवायचं. घरी आली की जेवायची नाही. एकदा म्हणाली, "आई, गोड बोलून माणसांच्या पोटातलं काढून घ्यायचा पगार मिळतो गं मला." आणि दिला राजीनामा.

मग हे व्हिडिओचं सुरू झालं. चॅनलचं नाव 'हर्षालीची गच्ची'. द्राक्षांचे बेदाणे कसे करायचे, नागलीचे पापड कसे लाटायचे, गोदाकाठच्या बाजारात भाजी कशी पारखायची. पोरगी राबायची हो! स्वतःच शूटिंग, स्वतःच कापाकापी, स्वतःच आवाज. कंपनीत होती तेव्हा रविवार तरी असायचा, आता तोही गेला. आणि बघणारं कोण? मी, माझी बहीण आणि हिच्या दोन मैत्रिणी. निफाडला भाच्याच्या लग्नात एक विहीण मला विचारते, "हर्षाली सध्या काय करते?" मी म्हटलं, व्हिडिओ करते मोबाइलवर. तर म्हणे, "अय्या, ते तर आमचा नातूही करतो!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. जिलबी तशीच पानात टाकून उठले मी त्या दिवशी.

हे सगळं सांगते ते उगाच नाही. पुढे मी जे केलं त्याचं मूळ त्या हसण्यात आहे. सबब म्हणून सांगत नाही, पण आहे.

या उन्हाळ्यात सगुणाबाईच्या गच्चीवर कुरडया होत्या. हर्षालीने सगळ्यांना विचारलं, "शूटिंग करू का?" "कर की!" म्हणाल्या बायका. मोबाइल स्टँडवर लावला. थोडा वेळ सगळ्यांनी पदर सारखे केले, मग चिकाच्या वाफेत मोबाइल कोणाच्या लक्षात राहतो? गप्पा सुरू झाल्या. गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या चिमणाबाई. विंचूरकडच्या, पंचाहत्तरी गाठलेल्या, तोंडाने भारी मिस्कील. पहिली वाटी नेहमी त्यांची. वाटीत दूध-साखर घालून चीक खात खात म्हणाल्या, "लय दिवसांनी गोड मिळालं बायांनो. आमच्याकडं गोडाचा डबा वरच्या फळीवर. माझा हात पुरत नाय. म्हातारीला शुगर हाय ना! शुगर माझी, पेढे त्यांचे." आम्ही हसून हसून लोळलो. मग त्या जरा हळू म्हणाल्या, "सून वाईट नाय. माझं पोरगंच मूग गिळून बसतं."

संध्याकाळी हर्षाली व्हिडिओ जुळवत होती. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. पाहते तर तिने चिमणाबाईंचं ते बोलणंच कापून टाकलं.

"का गं काढलंस?" मी म्हटलं. "तेच तर मजेचं आहे."

"त्यांच्या घरातलं आहे, आई."

"त्यांनीच तर हसत सांगितलं. सोऱ्या काय, कोणाच्याही घरी बघायला मिळतो. ते ठेव."

तिने माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"ठेव म्हणते ना!"

मला त्या लग्नातल्या बायकांची तोंडं बंद करायची होती. चिमणाबाईंचा विचारही शिवला नाही मनाला. अगदी खरं सांगते, नाही शिवला.

झालं, व्हिडिओ असा पळाला की विचारू नका. 'शुगर माझी, पेढे त्यांचे' पोरांच्या तोंडी झालं. निफाडहून त्याच विहिणीचा फोन आला, "हर्षालीने नाव काढलं हो!" मी हवेत. आणि खाली लोक लिहीत होते, 'अशा सुनेला घराबाहेर काढा', 'आजी, आमच्याकडे या'. कोणीतरी घर ओळखलं आणि चिमणाबाईंच्या दारात पेढ्यांचा खोका ठेवून गेलं. सून सरिता शाळेत शिकवते. तिथे एका पोराने फळ्यावर पेढा काढला. सटाण्याहून तिच्या आईवडिलांनी फोन करून विचारलं, सासूला उपाशी ठेवतेस का गं?

डॉक्टरांनीच गोड बंद केलं होतं. डबा सरितानेच वर ठेवला होता, पण म्हातारी चोरून खाते म्हणून. हे व्हिडिओत कुठे होतं? वाक्याला जेवढं हसू आलं तेवढंच ठेवलं होतं आम्ही.

चिमणाबाईंचा मुलगा रंगनाथ आमच्या दारात आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मंगलाकाकू," एवढंच म्हणाला, "तुमच्यात माझी आई विश्वासाने बसायची." मी तोंड उघडणार, तेवढ्यात हर्षाली पुढे झाली. "दादा, चूक माझी आहे. आत्ता काढते व्हिडिओ." तिथल्या तिथे काढला. आणि मी? हातात लाटणं घेऊन मागे उभी. जे पोर मूग गिळून बसतं असं चिमणाबाई म्हणाल्या होत्या, त्याच्यासमोर मीच मूग गिळून उभी होते.

त्या दिवसापासून गल्लीचा एकच सूर. पोरगी वाया गेली, माणसं विकून खाते, आई बिचारी साधी. आई बिचारी! मला कोणी बोल लावला नाही. आणि मीही कोणाला खरं सांगितलं नाही. रोज ठरवायची, आज सांगेन. रोज उद्यावर ढकलायची.

तर कुरडयांच्या त्या सकाळी मी एकटीच चीक ढवळत होते, आणि हर्षाली गच्चीवर आली. इस्त्रीचा कुर्ता, खांद्याला ती जुनी ऑफिसची बॅग.

"मुलाखत आहे," ती म्हणाली. "अंबडलाच. एचआर."

"पुन्हा तेच?"

"जे नको म्हणून तिथून निघाले तेच इथे येऊन केलं ना मी? मग निदान तिथे तरी करावं. तिथे तुझ्या बायका तुटणार नाहीत." बॅग ठेवून तिने बाह्या सारल्या आणि माझ्या हातातलं ढवळणं घेतलं. "गुठळ्या होतील, आई. तू चीक ओत. तेवढं करून जाते."

मी ओतत राहिले. चीक घट्ट होत गेला, चकाकायला लागला, आणि माझ्या डोळ्यांतून टपटप पाणी. शेगडीच्या धगीने, असं म्हणायचीही सोय नव्हती. पोरगी माझं पाप अंगावर घेऊन परत त्याच केबिनमध्ये जायला निघाली होती आणि मी तिच्याकडून चीक ढवळून घेत होते. लाज वाटली मला, स्वतःची.

गॅस बंद केला. पहिली वाटी भरली, वर तूप सोडलं, साखर नाही. पदर खोचला आणि जिना उतरले. "आई, कुठे चाललीस?" हर्षाली वरून ओरडली. मी थांबले नाही. थांबले असते तर गेलेच नसते.

दार सरितानेच उघडलं. आत चिमणाबाई पलंगावर बसल्या होत्या, पुढे स्टुलावर वाटीभर श्रीखंड. त्यांनी हात लावला नव्हता.

"रोज ठेवते," सरिता म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. उद्या कोणी म्हणायला नको. खायचं की नाही ते त्यांनी ठरवावं." आवाज अगदी कोरडा. चिमणाबाई मान खाली घालून. एवढी बोलकी बाई!

"सरिता," मी म्हटलं, "हर्षालीने ते काढून टाकलं होतं. मी म्हटलं ठेव. ती नको म्हणत होती, मी ठेवायला लावलं."

माझ्यामागे पावलं वाजली. हर्षाली येऊन उभी राहिली होती, हाताला चीक तसाच.

सरिता माझ्याकडे वळली. "मग हे दारात आले होते तेव्हा का नाही बोललात, काकू?"

"भ्याले," म्हटलं. "लोक तिला बोलत होते ते माझ्या पथ्यावर पडत होतं."

"आई म्हणाली म्हणून टाकलं नाही मी," हर्षाली म्हणाली. "मलाही ते हवंच होतं, सरिताताई. मला ठाऊक होतं ते चालेल. कंपनीत पण मला बरोबर ठाऊक असायचं, माणूस काय बोलला की वर चालेल."

सरिताने श्रीखंडाची वाटी उचलून आत नेली. एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, अजूनही म्हटलेलं नाही, आणि मी मागितलंही नाही. कोणत्या तोंडाने मागू?

चिमणाबाईंनी माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग माझ्या दुसऱ्या हाताकडे. "मोबाईल कुठं हाय?"

"घरी आहे, मावशी."

"आन् हिचा?"

हर्षालीने दोन्ही हात पुढे केले. चिमणाबाई काठी टेकत उठल्या. "चल. चीक गार व्हईल."

त्यांना चढताना पाहून सगुणाबाईही टॉवेल टाकून आली, मग मागोमाग बाकीच्या. हर्षाली मुलाखतीला गेली नाही. तिने सोऱ्या दाबला, चिमणाबाईंनी कुरडया धरल्या, सगळ्या कशा एकसारख्या, चक्रासारख्या. गच्ची पांढरीशुभ्र झाली. माझ्या जन्मात इतक्या सुबक कुरडया झाल्या नसतील.

पण एकही बाई बोलली नाही. सून नाही, जावई नाही, कोणाची चहाडी नाही. मला सहन होईना. "अहो, काहीतरी बोला ना बायांनो!" मी म्हटलं.

चिमणाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. "ऊन चांगलं हाय," म्हणाल्या, आणि पुढची कुरडई धरली.

हर्षालीचं चॅनल चालू आहे. आता ती कोणाचंही काही टाकायच्या आधी त्याच्या घरी जाऊन त्याला दाखवते, नको म्हटलं की पुसते. गच्चीवरच्या व्हिडिओत फक्त हात दिसतात आणि सोऱ्याची करकर ऐकू येते. बघणारे खाली विचारत असतात, त्या गमतीदार आजी कुठे गेल्या?

कुठे जाणार! तिथेच असतात त्या, माझ्या शेजारी. ते सुरकुतलेले हात त्यांचेच आहेत. पहिली वाटी मी अजूनही त्यांनाच देते, आणि त्या मुकाट्याने खातात.