रंभाबाईचा अंबाडा

ध्यानशिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून रंभाबाई अंबाडा इतका करकचून बांधायला लागली की कपाळाची शीर दिसायची. वरून घट्ट पदर, त्याचं टोक कमरेला खोचलेलं. बाकीच्या बायका विहाराच्या हॉलमध्ये गुमान डोळे मिटून श्वास बघत बसायच्या, आणि ही आपली घडीघडी केस चाचपायची.

कारण होतं, पण सांगता कोणाला? शिबिरात एकमेकांशी बोलायचंच नव्हतं. दीक्षा घ्यायच्या आधी, भिवापूरला असताना, रंभाबाईच्या अंगात मरीमाय यायची. आधी तळपाय झिणझिणायचे, मग मांड्या, मग पोट. झिणझिणी मानेपर्यंत चढली की अंबाडा सुटायचा आणि रंभाबाई घुमायला लागायची. लोक पाया पडायचे. छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली, घरचे देव टोपलीत भरून नदीत सोडले आणि त्या दिवसापासून मरीमायचं नाव तिनं ओठांवर आणलं नाही. मरीमायही मुकाट्यानं गेली. आणि आता वीसेक वर्षांनी, चक्क बुद्धाच्या मूर्तीसमोर, डोळे मिटले की तळपाय झिणझिणत होते. घ्या आता.

बरं, इथं आणलं कोणी? पोरानं. रविंद्र विहाराचा सेक्रेटरी. अंगात येणं, उतारे, गंडेदोरे यांच्यावर असा तुटून पडायचा की वस्तीतल्या म्हाताऱ्या त्याला पाहून रस्ता बदलत. आईच्या छातीत सारखी धडधड, गोळ्यांनी काही फरक नाही, म्हणून तोच म्हणाला होता, "माय, हे आपल्या भगवंतानं शिकवलेलं ध्यान हाये. बसून तर पाह्य. तुही धडधड जाईन." तो स्वतःही पुरुषांच्या बाजूला बसला होता. त्याच्या डोळ्यांदेखत आपण घुमलो तर पोराला वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे रंभाबाईला पक्कं ठाऊक होतं. आणि तिचं स्वतःचं काय? जी दीक्षा जिवापाड सांभाळली, ती मग खोटीच म्हणायची.

अंगणात कडुनिंब होता. जेवणानंतर बायका त्याच्या सावलीत फिरायच्या. रंभाबाई मात्र भर उन्हात भिंतीकडेनं जायची, कारण कडुनिंबाचा पाला मरीमायचा. न जाणो, तेवढंच निमित्त व्हायचं.

झिणझिणी पोटापर्यंत चढली तेव्हा तिनं बायकांची व्यवस्था पाहणाऱ्या शोभाताईंचा हात धरला. त्यांनी तिला शिकवणाऱ्या गुरुजींपुढे नेलं. त्यांच्याशी तेवढं बोलायची मुभा होती.

"गुरुजी, मले झिणझिण्या येऊन राहिल्या. मी घरी जातो."

मरीमायचं नाव काही तिनं काढलं नाही.

"सगळ्यांनाच येतात, बाई," गुरुजी म्हणाले. "त्यांना बोलवू नका, हाकलू नका. नुसतं बघा. एवढी बैठक बसा, मग जायचं तर जा."

सगळ्यांना येतात म्हणे. सगळ्यांच्या अंगात मरीमाय आली होती का? मनातल्या मनात चरफडत रंभाबाई जाऊन बसली. झिणझिणी छातीत आली. तिला भिवापूरची मिरची आठवली. दिवसभर देठं खुडली की हात पेटायचे, कितीही धुवा, आग आपली थांबायची तेव्हाच थांबायची. बरं, हेही तसंच बघू, असं म्हणून तिनं केसांवरचा हात खाली घेतला. झिणझिणी मानेत चढली, गळ्याशी आली. आता घुमणार म्हणून तिनं दात आवळले, आणि गळ्यातून निघाला तो हुंदका होता.

ती रडली. पदर तोंडात कोंबून, हमसून हमसून रडली. कौशल्या आठवली. तीन वर्षांची पोर मातेच्या आजारात अंगभर फोड येऊन गेली, तेव्हा सासूनं बजावलं होतं, "रडू नको वं. मरीमाय कोपली तर पाळण्यातलं पोरगंही नेईन." पाळण्यात रविंद्र होता. रंभाबाईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आणि महिन्याभरात, मरीमायच्या देवळात, पहिल्यांदा तिचे तळपाय झिणझिणले होते.

घरी जायचं तिनं पुन्हा काढलं नाही. झिणझिण्या येत, थोडा वेळ राहत आणि जात. छातीतली धडधडही हळूहळू शांत झाली.

शेवटच्या दिवशी मौन सुटलं तसा रविंद्र धावतच बायकांच्या बाजूला आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"माय, त्या दिवशी तुले काय झालं होतं? तुहा आवाज मी ओळखला. मले तर भलतंच वाटलं."

"मलेही तेच वाटलं होतं," रंभाबाई म्हणाली. "तुह्या बहिणीसाठी रडून राहिली होती मी."

"कोणती बहीण?"

रंभाबाईनं अंबाडा सोडला, मोकळे केस पाठीवर टाकले आणि कडुनिंबाच्या सावलीत जाऊन टेकली.

"बस इथं," ती म्हणाली. "तिचं नाव कौशल्या होतं."