कोन्तेस्साची दृष्ट

आमच्या गावात ससा दोनच ठिकाणी राहतो. आधी गच्चीवरच्या खुराड्यात आणि मग वाइन-लसणीच्या रश्श्यात. मधे मुक्काम नाही. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे कोचावर, भरतकामाच्या उशीला टेकून राहणारी सशीण मी उभ्या जन्मात एकच पाहिली. आणि मी पुष्कळ काही पाहिलंय. बुडालेली चर्चची घंटा कोळ्यांच्या जाळ्यातून वाजत वर आलेली पाहिलीय, पण ते राहू दे.

ही सशीण माझ्या शेजारणीची, फिलुमेनाची. गेल्या वर्षी जूनअखेरच्या इम्नार्याच्या सणासाठी तिच्या भावाने, नाझ्यूने, ती आणली होती. त्या सणाला आमच्याकडे ज्या घरात ससा शिजत नाही त्या घरात कोणी वारलंय की काय, अशी चौकशी होते. पण ऐन सकाळी गॅसची टाकी संपली. संध्याकाळी फिलुमेना जपमाळ घेऊन बसली तेव्हा सशीण आली आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकून आडवी झाली. आई गेल्यापासून फिलुमेनाच्या पायाशी कोणी बसलं नव्हतं. भाऊ बसायचा तो टीव्हीपुढे. दुसऱ्या दिवशी सशिणीचं नाव कोन्तेस्सा, म्हणजे सरदारीणबाई, ठेवलं गेलं. टाकी संपली म्हणून सरदारघराण्यात गेलेली ती पहिलीच.

या वसंतात सरदारीणबाईंना कसलेसे डोहाळे लागले. घरात नर नाही, लग्न नाही, तरी स्वतःच्या छातीचे केस उपटून तिने नाझ्यूच्या ठेवणीतल्या टोपीत घरटं बांधलं. नाझ्यू इम्नार्याच्या गाण्यांच्या बारीत खालच्या पट्टीत गातो आणि ती टोपी घातल्याशिवाय त्याचा आवाज लागत नाही, असं त्याचंच म्हणणं. टोपी काढायला गेला तर कोन्तेस्सा गुरगुरली आणि त्याच्या अंगठ्याला कडाडून चावली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई लोरेदाना म्हणाल्या, "खोटे दिवस गेलेत. असं पुनःपुन्हा होत राहील, आणि पुढे पिशवीचा आजारही होतो. पिशवी काढून टाकू."

"सशाची पिशवी काढायला डॉक्टर?" नाझ्यू म्हणाला. "आमच्या आईने शेकड्यांनी काढल्या. टाका घालायची गरज कधी पडली नाही."

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी फिलुमेनाला समोर बसवून सांगितलं, "जखम भरेपर्यंत उड्या नकोत. खाणं सुटलं तर लगेच मला बोलवा. तिचं जुनं अंथरूण आहे तसं ठेवा, धुऊ नका. ससा जग ओळखतो ते नाकाने. अंगातली धग उतरायला काही आठवडे जातात, तोवर चिडचीड करील. तुम्ही दुसरं काही करू नका."

काही करू नका, हे कोणाला सांगितलं? जी बाई घराचा उंबरा रोज सकाळी ब्लीचने घासते आणि वर शेजारचा, म्हणजे माझाही, घासते, तिला. फिलुमेनाने घरी येऊन अंथरूण उकळत्या पाण्यातून काढलं, कोपरा घासला, उशीला लव्हेंडर लावलं. मग कोन्तेस्साला मधोमध ठेवून हात जोडून उभी राहिली.

कोन्तेस्साने हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि मागचा पाय असा आपटला की माझ्या भिंतीवरचा संत रोक वाकडा झाला. खात होती नीट, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण जी कधी मातीच्या तसराळ्याबाहेर गेली नाही ती कोचावर, गालिच्यावर, जपमाळेवर मुतत सुटली. फिलुमेनाने हात पुढे केला तर त्या हाताला चावली. तिचा हात, ज्यातून ती पानकोबी खायची.

"तिला दृष्ट लागली," फिलुमेना मला म्हणाली. बोटाला पट्टी होती. "ती डॉक्टरीण म्हणाली, किती गोड आहे. आणि पुढे 'देव राखो' म्हणाली नाही. मी कान देऊन ऐकत होते."

"म्हणजे पक्कं झालं," मी म्हटलं.

दृष्टीवर आमच्याकडे उपाय एकच. ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी पाद्रीबाबांनी मंतरलेली ऑलिव्हची पानं वर्षभर सांभाळून ठेवायची, निखाऱ्यावर टाकायची आणि घरभर धूर द्यायचा. फिलुमेनाने धूर दिला. खोलीभर, कोचाखाली, कोन्तेस्साच्या दोन्ही कानांना. कोन्तेस्सा शिंकली आणि दारापर्यंत जिथे जिथे धूर लागला तिथे तिथे मुतून आली. म्हणजे दृष्ट जबरदस्त होती. संध्याकाळी पुन्हा धूर. सकाळी पुन्हा. त्या घरात ससा, बाई, पडदे आणि सूप, सगळ्यांना एकच वास येऊ लागला. कोन्तेस्साला मालकीणच सापडेना. रोज कोणीतरी चालतंबोलतं चर्च हात पुढे करायचं, आणि ती त्याला चावायची.

शेवटी एक दिवस जेवताना नाझ्यूने काटा खाली ठेवला.

"ताई, इम्नार्यापर्यंत ही पहिल्यासारखी झाली तर ठीक. नाहीतर आईचं पातेलं काढतो."

"होईल पहिल्यासारखी."

"शब्द दे."

"दिला," फिलुमेना म्हणाली. पानांवर तिचा तेवढा भरवसा होता. पण त्या रात्रीपासून तिला जेवण जाईना, हे मला माझ्या ताटावरून कळलं. उरलेलं सगळं ती माझ्याकडे पाठवायची.

भरवसा होता, पण पानं संपली. शेजारपाजारची संपली. चर्चचा सेवेकरी म्हणाला, "बाई, आता पुढच्या झावळ्यांपर्यंत गावाला दृष्ट लागायची सोय नाही, तुम्ही सगळं नेलंत." तेव्हा ती माझ्या दारी आली.

"विस्तिनबुवा, तुमच्याकडे पानं आहेत ना? संत रोकच्या मागे?"

"होती. बकरी खाऊन गेली."

"तुमच्याकडे बकरी कुठंय?"

"तीही गेली."

पानं होती. जुडीभर होती. पण पावसाळी हवेत गुडघे धरले की मला ती लागतात, आणि सशापेक्षा माझे गुडघे मला जवळचे. यात शहाणपण वगैरे कोणी शोधू नये. धूर बंद पडला तो माझ्या कंजूषपणामुळे.

फिलुमेनाने उपाय संपल्यावर बायका करतात तेच केलं. कोन्तेस्सा कोचाखाली दडलेली, आणि ही कोचापाशी जमिनीवर नुसती बसून राहायची, हातात काही नाही, तोंडात काही नाही. घासायचंही तिने सोडलं. माझ्या उंबऱ्यावर धूळ साचली तेव्हा मला खरी काळजी वाटली.

इम्नार्या उजाडला. मला जेवायचं बोलावणं होतं, म्हणून मी लवकर गेलो. नाझ्यूने आईचं मातीचं थोरलं पातेलं फळीवरून काढून स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवलं होतं. लसूण सोललेली, वाइन उघडलेली, टाकी भरलेली. फिलुमेना कांदा चिरत होती. कांदा तिने सोयीचा निवडला होता, डोळे पुसायला कारण लागत नव्हतं.

"नाझ्यू," मी म्हटलं, "पिशवी काढलेल्या सशिणीचं मांस माझ्या आत्तेभावाने खाल्लं होतं. आवाज इतका बारीक झाला की चर्चमध्ये त्याला मुलींच्या रांगेत उभं केलं."

"बुवा, तुमचा आत्तेभाऊ मुका होता."

"तो नंतर."

तो सुरीला धार लावू लागला. पण मधेच एकदा खाकरला, आणि आवाज तपासल्यासारखं "आ" म्हणाला.

तेवढ्यात कोन्तेस्सा कोचाखालून बाहेर आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची पाठ नाही, तोंड दिसलं. तिने टेबलाच्या पायाला हनुवटी घासली. दाराला घासली. नाझ्यूच्या सणाच्या बुटाला घासली. ससा हनुवटी घासतो तेव्हा वस्तूवर आपलं नाव घालतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण कोणी ऐकलं नव्हतं. मग ती पातेल्याशी आली. त्या पातेल्यात तिच्या घराण्याच्या किती पिढ्या शिजल्या ते तिच्या नाकाला कळलं असेल की नाही, तिलाच ठाऊक. तिने काठाला गोल हनुवटी घासली, आत उडी मारली आणि चारी पाय पसरून आडवी झाली.

"वा, स्वतःच गेली," नाझ्यू म्हणाला आणि हात घातला.

पातेल्यातून गुरगुर आली. नाझ्यूने हात बाहेर काढला तो अंगठा तोंडात घालूनच.

फिलुमेना सुरी ठेवून खाली बसली. कांद्याचा हात तिने तसाच काठावर धरला. कोन्तेस्सा उठली, तिने हुंगलं, आणि बोटांवर हनुवटी टेकून डोळे मिटले. फिलुमेनाचे डोळे वाहतच राहिले. कांदा तर केव्हाच चिरून झाला होता.

"ताई, तू शब्द दिला होतास," नाझ्यू अंगठा चोखत म्हणाला.

"दिला होता. पहिल्यासारखी झाली तर राहील."

"मला चावली ना ती."

"पहिल्यापासून चावायची. मला नव्हती चावत, आणि आता नाही चावली. म्हणजे पहिल्यासारखी झाली." तिने माझ्याकडे पाहिलं. "सांगा बुवा."

"तंतोतंत," मी म्हटलं.

नाझ्यूने पातेल्याकडे पाहिलं. घरात दुसरं एवढं पातेलं नव्हतं, आणि या पातेल्यात बिऱ्हाड होतं. तो पुन्हा एकदा "आ" म्हणाला, सुरी खणात टाकली आणि टोपी झटकून गायला निघून गेला.

आम्ही इम्नार्याला मॅकरोनी खाल्ली. दुपारी दोन बायका कोण वारलं ते विचारून गेल्या.

फिलुमेना मला दुसऱ्यांदा वाढत म्हणाली, "पानांचा गुण जरा उशिराने येतो, पण येतो. डॉक्टरीण काही म्हणो. पुढच्या झावळ्यांना मी आख्खी फांदी मंतरून आणणार आहे."

पातेल्यातून पाय आपटल्याचा आवाज आला. मला बोलायचं होतं, पण डाव तिच्या हातात होता आणि त्यात मॅकरोनी होती.

"येतो खरा गुण," मी म्हटलं आणि ताट पुढे केलं.