पांघरुणावरचे गुलाब

“नाही मावशी, हे नको. दुसरं काढ ना,” म्हणत रुहीने पत्ता झाकायला हात पुढे केला, पण शरयूचं बोट त्यावर आधीच टेकलं होतं.

न्यू जर्सीत, आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर साडीच्या एका दुकानात, मागच्या खोलीत बसून शरयू गेली एकोणीस वर्षं फॉल-पिको करत होती, ब्लाउज बेतत होती. रुही तिच्या घरमालकांची मुलगी, इथेच जन्मलेली. चुलतबहिणीच्या लग्नात घालायचा ब्लाउज सैल करून घ्यायला ती आली होती. त्याच्या पाठीला लटकनं इतकी, की नाकापेक्षा मोती जड. काम होईपर्यंत बसून करायचं काय, म्हणून पोरीने पर्समधून भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते काढले होते. शरयूचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण पोरीचं मन मोडणं तिच्या जिवावर यायचं.

पत्त्यावर एक बाई अंथरुणात उठून बसली होती. चेहरा ओंजळीत. मागे काळीकुट्ट भिंत आणि तिच्यावर आडव्या नऊ तलवारी.

“वाईट आहे का गं?”

“वाईट म्हणजे... इट्स लाइक, गिल्ट. रात्री झोप नाही येत, सेम थॉट्स परत परत. पण आय अ‍ॅम स्टिल लर्निंग, ओके? मे बी मी नीट शफल नाही केलं.”

शरयूची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. आज शनिवार होता, नोव्हेंबरचा पहिला. रात्री घड्याळं एक तास मागे जाणार होती.

चार वर्षांपूर्वी अशाच घड्याळं बदललेल्या रविवारी सकाळी आईचा फोन आला होता. मायलेकींची वेळ ठरलेली: सांगलीत संध्याकाळचे सहा, इथे सकाळचे साडेआठ. अमेरिकेतल्या या उन्हाळी-हिवाळी भानगडी आईच्या गावीही नव्हत्या. तिने आपल्या सहाच्या ठोक्याला फोन लावला. इथे फोनवर साडेसात दिसत होते, आणि घड्याळ रात्रीतून बदललंय हे शरयूच्या ध्यानातच नव्हतं. आईची नेहमीचीच घाई, साडेआठला करू की निवांत, असं म्हणून तिने तो वाजू दिला आणि कूस बदलली. साडेआठला तिने केलेला फोन वहिनीने उचलला. आई त्या तासाभरातच गेली होती. त्या दिवशी अख्ख्या न्यू जर्सीला एक तास जास्तीचा मिळाला होता. शरयूचा तेवढाच गेला. आईला काय सांगायचं होतं, ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून रोज पहाटे न वाजणारा फोन तिला ऐकू यायचा. घरातल्या ओव्हनवरचं घड्याळ तर तिने पुन्हा मागे केलंच नाही. ते बारा महिने आईची वेळ दाखवत होतं: त्यावर साडेआठ, की सांगलीत सहा.

वर्षभराने वहिनीने कुणा येणाऱ्याबरोबर आईच्या चार सुती साड्या धाडल्या. ‘तुझ्या गोधडीसाठी त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या,’ एवढंच चिठ्ठीत होतं. ती पिशवी दुकानात, डोक्यावरच्या फळीवर फॉलच्या खोक्यांमागे पडून होती. दुसऱ्यांच्या कापडाला बिनदिक्कत कात्री लावणाऱ्या बाईचा हात तिथवर पोहोचत नव्हता.

शरयूने चष्मा पुसला आणि पत्ता दिव्याखाली धरला. सवयच ती. कापड दिसलं की तिला आधी टाका दिसायचा.

“रुही, या तलवारी हिला लागल्यात कुठे? भिंतीवर टांगल्यात नुसत्या. रक्ताचा थेंब नाही.”

“हं... ट्रू.”

“आणि हिचं पांघरूण बघ. एका चौकटीत गुलाब, एकीत चित्र, परत गुलाब. हे हातानं केलेलं काम आहे बाई. डोळे फुटतात असलं करताना. हिच्यावर कुणाचा तरी फार जीव होता.”

रुही पत्त्यावर वाकली. “ओह माय गॉड. मी हे कार्ड शंभर वेळा बघितलंय. ब्लँकेट कधी बघितलंच नाही.” मग जरा थांबून ती म्हणाली, “पण मावशी, तिने पण नाही बघितलं. तिचे हात डोळ्यांवर आहेत ना.”

शरयूने सैल केलेली शिवण घातली, लटकनं टाचून दिली, ब्लाउज पिशवीत घातला. रुही गेल्यावर तिने स्टूल ओढलं आणि त्यावर चढली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर साड्या उलगडल्या. कापूर आणि जुन्या ट्रंकेचा वास आला, आणि चार वर्षं अडलेलं रडू एकदाचं मोकळं झालं. रडता रडताच तिने थर लावले, सुरकुत्या काढल्या, कडा जुळवल्या.

आईची एक रीत होती. गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात ती तांदळाचे चार दाणे शिवायची. पांघरूण उपाशी राहू नये म्हणून. ही गोधडी पुरी व्हायला दोन महिने तरी लागणार होते.

फोनवर साडेसात झाले. ओव्हनवर साडेआठ. फोन गप्प पडून होता. शरयूने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग उठून डब्यातले चार दाणे घेतले आणि पहिल्याच कोपऱ्यात ठेवले. शेवटच्या कोपऱ्याची वाट पाहत ती थांबली नाही. कड दुमडली, दोऱ्याला गाठ मारली आणि टाका घातला.