इंद्रभानची रिव्हर्स

रोहिणखेडच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की जे गाव लागतं, तिथे इंद्रभानला सगळे 'रिव्हर्स इंद्रभान' म्हणत. यात्रेत ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागे घ्यायच्या शर्यती लागतात. भल्याभल्यांची ट्रॉली तिथे वाकडी होते. हा गडी मात्र मान वळवून, एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसऱ्या हाताने मिशी पिळत चुन्याच्या दोन रेघांमधून ट्रॉली नेई. घरच्या शोकेसमध्ये ढालीच ढाली, कपबश्या बिचाऱ्या स्वयंपाकघरात फळीवर.

असा हा चॅम्पियन एका भर दुपारी चांगला तर्र होऊन आला आणि पाराजवळ भाजी विकत बसलेल्या सोजराबाईवर त्याने मागे घेताना ट्रॉली घातली. टोपल्यांचा चेंदामेंदा झाला, सोजराबाईचा पाय मोडला. पाय पुढे जुळला, पण आखूड झाला. पोलीस आले तेव्हा इंद्रभान बहिणीच्या गावी पसार. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, गंध लावून हजर! दारूचा पुरावा असा आंघोळीच्या पाण्यासोबत वाहून गेला.

"विम्याचे पैसे भेटतील, तडजोड करून टाक," असं गावाने सोजराबाईला सांगितलं. गावाचं काय जातं सांगायला? पण सोजराबाई हट्टाला पेटली होती. तिची सून संजीवनी रोज त्याच इंद्रभानच्या ट्रॉलीत बसून कापूस वेचायला जाई. गावातल्या सगळ्याच बाया जात, कारण शेतावर मजूर पोचवायचं काम त्याच्याकडेच होतं. कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या तरी इंद्रभानची बाटली सुटली नाही. संध्याकाळी ट्रॅक्टरचा आवाज येईपर्यंत सोजराबाई दारातून हलत नसे.

"पैसे कंपनी देईन, मंग याच्या खिशाले काय झळ?" तिने बुलढाण्याला जाऊन समता वकिलीणबाईंना विचारलं. "माहा पाय गेला तं गेला. उद्या सून गेली तं?"

समता वयाने लहान, पण बोलायला खमकी. ती म्हणाली, "मावशी, पायाची भरपाई येगळी. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून अद्दल घडवायची रक्कम येगळी मागता येते, ती त्याच्याच खिशातून. आपल्याकडं कोर्ट सहसा देत नाही. आन् तो पेलेला होता हे तं आपल्यालेच दाखवा लागन."

दाखवणार कोण? त्या दुपारी पारावर बसलेल्या केसरबाईला समताने साक्षीला बोलावलं. केसरबाई सोजराबाईची लहानपणची मैत्रीण. तिने पिंजऱ्यात उभं राहून पदराशी चाळा केला आणि "मी काई पाह्यलं नाही" म्हणून खाली उतरली. तिच्या दोन्ही सुना ट्रॉलीत जात. इंद्रभानने नेलं नाही, तर चूल कशी पेटणार? सोजराबाईला हे कळत होतं. तरी तिला फार लागलं, आणि परतीच्या एसटीत दोघी वेगवेगळ्या बाकावर बसल्या.

मग इंद्रभानची पाळी आली. त्या दिवशी अर्धं गाव घाट चढून कोर्टात आलं होतं, जणू काही शर्यतच बघायला. इंद्रभान इस्त्रीचा सदरा घालून पिंजऱ्यात उभा राहिला.

समताने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही दारू प्यायला होता?"

"थेंबभर नाही."

"झोप आली होती? ताप होता?"

"काईच नाही. एकदम ठणठणीत."

"ट्रॅक्टरचा ब्रेक?"

"कालच बसवल्यासारखा."

"मागे सोजराबाई बसल्या आहेत, हे दिसत होतं?"

"रोजच बसते काकू तिथं. दिसन नाही तं काय!"

समताने मान डोलावली आणि न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, माणूस शुद्धीत, ब्रेक चांगला, भर दुपारचा उजेड, रस्ता सरळ. म्हणजे कारण एकच उरतं. यांना रिव्हर्स घेता येत नाही."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. इंद्रभानने मागे पाहिलं, आणि ज्या लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, तेच तोंडावर रुमाल धरून बसलेले त्याला दिसले. त्याच्या वकिलाने डोळ्यांनी खूण केली, गप राहा. पण इंद्रभान आता कोणाच्या बापाचं ऐकणार नव्हता.

"मले रिव्हर्स येत नाही?" तो कठड्यावर हात आपटून ओरडला. "तालुक्यात इचारा! मी शुद्धीत असतो ना बाई, तं काकूच्या भेंडीलेबी धक्का लागला नसता!"

त्याच्या वकिलाने कपाळावर हात मारला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शांतपणे म्हणाले, "हे उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या."

निकालात पायाची भरपाई मिळाली, आणि तिच्यावर अद्दल घडवणारी वेगळी रक्कमही. ती विमा कंपनीने भरायची नाही, इंद्रभाननेच भरायची, असं साहेबांनी बजावलं. सगळ्या ढाली मोडीत घातल्या तरी भागणार नव्हतं. सोजराबाईला आनंद झाला, आणि खोटं कशाला सांगा, तिला त्याच्या उतरलेल्या तोंडाचाही आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया नेहमीसारख्या पाराजवळ जमल्या. ट्रॅक्टर आला. सोजराबाई काठी टेकत पुढे गेली आणि थेट इंद्रभानसमोर उभी राहिली.

"उतर खाली. तोंड उघड."

"काऊन काकू, सकाळी सकाळी?"

"फूक!"

इंद्रभानने इकडेतिकडे पाहिलं. पण कालपासून त्याचा ताठा उतरला होता. तो वाकला आणि त्याने हळूच फुंकर मारली. सोजराबाईने हुंगलं. चहा होता, तंबाखू होती. "हाव, पेलेला नाही," ती म्हणाली, आणि संजीवनीला चढायची खूण केली.

तेवढ्यात मागून केसरबाई आली. सोजराबाईकडे पाहायचा तिला धीर होईना. ती इंद्रभानपुढे गेली आणि म्हणाली, "मलेबी फूक. मह्या सुना आहेत यात."

इंद्रभानने फुंकलं. केसरबाईने नाक जवळ नेऊन दोनदा हुंगलं. मग तिने सोजराबाईचा हात घट्ट धरला.

"कोर्टात मी खोटं बोलली, सोजरा."

"माहीत आहे मले."

"रोज सकाळी येईन मी तुह्यासंगं."

त्यांच्यामागे एकेक करून बाकीच्या बायाही येऊन उभ्या राहिल्या, आणि इंद्रभान मुकाट्याने पुन्हा वाकला.