हिची आई यायचीय

माझी सून बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर काम करते. लोकांनी गाडीत विसरलेल्या छत्र्या, डबे, एकदा तर चक्क कवळी; सगळ्याला चिठ्ठी बांधायची आणि फळीवर ठेवायचं. नव्वद दिवसांत मालक आला तर ठीक, नाहीतर वस्तू वर जमा. वर म्हणजे वरच्या ऑफिसात.

बाळंतपणानंतर मी मदतीला आले आणि तिचा कारभार बघून चाटच पडले. नातीच्या दुधाच्या वेळा, झोप, शी-शू, सगळं वहीत मिनिटासकट. माझ्या वेळी मला आज वार कोणता हेसुद्धा सुचत नव्हतं. कौतुकाच्या बाबतीत मी तशी चिक्कू, पण बहिणीला फोन करून सांगितलं, सून असावी तर अशी.

एकच खटकायचं. दुपारी तीन वाजले की ती बाळाला न्हाऊमाखू घालून, स्वच्छ झबलं चढवून दाराजवळच्या खुर्चीत बसायची. शेजारी भरलेली पिशवी. बाळ कुशीत नाही, गुडघ्यांवर, तोंड दाराकडे. घंटा वाजली की उठायची, बाळाचे केस सारखे करायची. दारात कुरिअरवाला दिसला की पुन्हा बसायची.

"कोणाची वाट बघतेस गं?"

"हिची आई यायचीय."

मला हसू फुटलं. मुलाला सांगितलं, तोही हसला. "आई, तिचे विनोद असलेच असतात," म्हणाला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

एका दुपारी तिला घेरी आली, म्हणून बाळाला आंघोळ मी घालायला घेतली. पायमोजा काढला तर नातीच्या घोट्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. सुनेचं वळणदार अक्षर. सापडल्याची तारीख: जन्माची. वर्णन: मुलगी, डाव्या कानामागे तीळ. मुदत: परवाची.

चिठ्ठी मी दोनदा वाचली. बाहेरच्या खोलीत पावलं वाजत होती, दारापर्यंत आणि परत. मला माझ्याच सुनेची भीती वाटली. तीन महिने तिच्या डोळ्याला डोळा नव्हता, ताट तसंच्या तसं परत येत होतं, आणि मी मेली वहीचं कौतुक करत बसले होते.

बाळाला टॉवेलात गुंडाळून मी बाहेर आले. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"मुदत संपली की काय करायचं गं?"

"वर जमा."

"वर कुठे?"

तिनं मान उचलून छताकडे पाहिलं. "वर म्हणजे वर, आई."

मी बाळ खाली ठेवलं नाही. तसंच काखोटीला मारून मुलाला फोन लावला. तो म्हणाला, थकली असेल, चार दिवस झोपू दे. त्याला असा झापला की अर्ध्या तासात घरी हजर. प्रसूतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला क्षणभर एकटं सोडू नका, आत्ता घेऊन या. मनोविकाराच्या डॉक्टरांनाही त्यांनीच बोलावून ठेवलं. सून आपणहून चपला घालून निघाली. तिला वाटलं, बाळाच्या आईचा पत्ता लागला.

दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "वर जमा करायचं म्हणजे काय करणार होतीस?"

"दोघींनी गच्चीवर जायचं," ती म्हणाली. गाडी किती वाजता सुटते ते सांगावं, तसं. माझ्या मुलानं तिचा हात घट्ट धरला.

डॉक्टर दचकल्या नाहीत. "बाळंतपणानंतर असा आजार होतो. तुझी चूक नाही. औषधानं बरा होतो. पण आज तू इथेच राहायचंस."

सून त्यांच्याकडे सरकली. "मी खूप शोधलं हो. हिची आई मला सापडतच नाहीये. तुम्ही शोधाल?"

"शोधू," डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा कुठे ती रडली.

याला आता नऊ आठवडे झाले. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांकडे जाणंही चालू आहे. वाईट दिवस अजून येतात. काल मी नातीला बाटलीनं दूध पाजत होते, तर सून तरातरा आली.

"किती गरम केलंत हे! जीभ भाजेल ना माझ्या पोरीची! काही कळतं का तुम्हाला?"

एरवी मला कोणी असं बोललं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. मी निमूटपणे पोरगी तिच्या हातात दिली, न्हाणीघराचं दार लावलं, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून पोटभर रडले.