पहिलं पाणी नवसकरणीला

माझ्या भावजयीला, वेणूबाईला, घरात कुणी अडवत नसे. मी तिची थोरली नणंद खरी, पण नवरा समुद्रात गेल्यावर भावाच्या दारात परत आलेली. असल्या बाईच्या शब्दाला चुलीतल्या राखेएवढी किंमत. तरी मी गप्प बसणारी न्हाय, हे सगळ्या रेवदंड्याला ठाऊक हाय.

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या चैत्रातली गोष्ट. वेणूनं सुनेला, केसरला, तोंडावर सांगून टाकलं होतं. या साली पालखीबरोबर कार्ल्याच्या एकवीरेला अनवाणी चालत जायचं, पाळणा वाहायचा, आणि पुढच्या चैत्रापर्यंत कूस उजवली न्हाय तर सदाला दुसरी बायको करायची. मुरुडची पोरगी बघूनही ठेवली होती. सदा माझा भाचा. वादळात होडी काढील, पण आईसमोर त्याची बोबडी वळायची. केसर मात्र माझ्या जिवाची. त्या घरात मला गरम भाकरी वाढणारी ती एकटीच.

तिनं जुन्या शिडाच्या कापडाचा चांगला हातभर पाळणा शिवला, त्याला रंगीत दोऱ्याची झालर लावली. हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं बांधून झालं. एकवीरा आईला भेटेपर्यंत सुक्या मासळीलाही हात लावायचा न्हाय, म्हणून गूळ-खोबरं जास्त घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी धरमतरहून मीठ घेऊन आलेला एक खलाशी माझ्या भावाला, हरेश्वरला, हळूच सांगून गेला की खाडीपलीकडं पटकी सुरू हाय, माणसं उलट्या-जुलाबानं पटापट जातायत. मी ऐकलं. हरेश्वरनं मला डोळ्यांनीच दटावलं. त्या दुखण्याचं नाव घेतलं की ते येतं, असं आमच्यात मानतात.

पोयनाडपर्यंत ढोल वाजवत गेलो. होडीनं खाडी ओलांडली आणि पुढं वाटच बदलली. वस्त्या दिसायच्या, पण दारं लावलेली. कुणी पालखीच्या पाया पडायला येईना, कुणी लाह्या उधळीना. एका वाडीत अंगणात भात वाळत पडलं होतं आणि कावळे खुशाल खात होते. हाकलायला माणूस न्हाय. ढोलवाल्या नामानं आपणहून ढोल थांबवला.

उन्हानं जीव कासावीस झाला होता. पेणच्या अलीकडं विहीर लागली, तर तिच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या रचून ठेवलेल्या. हरेश्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोळ्यांनी पाणी बाटवू नये म्हणून ही सोय, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर असलं पूर्वी दोनदा आमच्या वाट्याला आलंही होतं. मी म्हटलं, अरे, काटे घालणारानं काही कारणानं घातले असतील, नदीपर्यंत कळ काढू. कोण ऐकतो? त्यानं फांद्या ओढून फेकल्या, घागर सोडली. आमच्यात रीत हाय, वाटेवर पहिलं पाणी नवसकरणीला द्यायचं. केसर गटागटा प्यायली. तिच्या मागून बाकीचे प्याले. मी न्हाय प्याले. रागानं न्हाय प्याले, शहाणपणानं न्हवे.

पुढच्या दिवशी सकाळी, खोपोली जवळ आली तेव्हा, केसर रस्त्याच्या कडेला बसली आणि भडाभडा ओकली. वेणू धावली. मला वाटलं आता शिव्या देते. तर हिनं केसरच्या पाठीवरून हात फिरवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, आई पावली ग, पायरी चढायच्या आधीच पावली. झालं. बायकांनी केसरच्या कपाळाला कुंकू फासलं, नामानं ढोल काढला, सदा तर बावळटासारखा हसतच सुटला. वेणूनं आपल्या हातानं तिच्या तोंडात गूळ घातला. लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीला सासूच्या हातचा घास मिळाला तो हा पहिला. केसर रडली. मला तेव्हा वाटलं आनंदानं रडते.

पण मी तिच्या मागं चालत होते. ती सारखी झुडपाआड जात होती. आधी लांबच्या, मग जवळच्या, मग तिला झुडपापर्यंतही पोचता येईना. मी जाऊन पाहिलं. तांदूळ धुतलेलं पाणी असावं तसं होतं सगळं. तिची बोटं आक्रसली होती, डोळे आत गेले होते, पायात गोळे येत होते. दिवस राहिलेली बाई अशी दिसते होय? मी वेणूला गाठलं आणि जे होतं ते नाव घेऊन सांगितलं.

ती मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"वन्सं, तुमचं काही राहिलं न्हाय म्हणून आमचंही राहू नये व्हय? पांढरं कपाळ घेऊन तिच्या जवळ फिरकू नका."

मला पालखीच्या पार मागं चालायला लावलं. मी चालले, पण जिभेला लगाम घातला न्हाय.

खोपोलीहून परतणारे काही लोक भेटले. ते म्हणाले, घाटाच्या पायथ्याशी सरकारी डॉक्टरचा तंबू हाय, पोलीस बसलेत, प्रत्येकाला सुई टोचल्याशिवाय वर सोडत न्हाईत, आजारी माणसाला तिथंच ठेवून घेतात. मला तर देवच भेटल्यासारखं झालं. वेणूचा चेहरा मात्र उतरला. गर्भारणीला सुई टोचली की पोर पोटात जळतं, म्हणाली. तंबू चुकवायचा, जुन्या बैलवाटेनं वर जायचं. केसरला चालवत नव्हतं, तर घोंगडीची झोळी करून उचलायचं.

मी वाट अडवून उभी राहिले. हरेश्वरला म्हटलं, एकदा तरी बहिणीचं ऐक, ती पोर मरतेय. त्याला ते लागलं. तो झोळीपाशी गेला आणि त्यानं केसरलाच विचारलं, तुला काय होतंय ते तूच सांग.

केसरचा आवाज बसला होता. तिनं आधी सासूकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आत्याचं काही ऐकू नका, मामंजी. मला पोरानंच होतंय."

तिनंच असं म्हटल्यावर मी काय करणार? झोळी उचलली आणि ते बैलवाटेला लागले. मी उलटी फिरले आणि तंबूच्या दिशेनं पळत सुटले. म्हातारी बाई, पाय सोलवटलेले, पण पळाले. डॉक्टर तरुण होता, डोळे तांबारलेले. मी धापा टाकत सांगितलं तसा एक शब्दही न विचारता त्यानं पेटी उचलली आणि एक शिपाई घेऊन माझ्याबरोबर निघाला.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पालखी वर एका खडकावर टेकवली होती आणि सगळी मंडळी तिच्याभोवती गोळा होऊन बसली होती, वेणूसुद्धा. आता त्यांनाही कळलं होतं. खाली ऐनाच्या झाडाखाली केसर एकटी पडली होती आणि दहा पावलांवर सदा उभा होता, ना जवळ जाई ना लांब. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

डॉक्टरनं तिचा हात चाचपला. दंडात शीर सापडेना. आणखी लवकर आणायला हवं होतं, इतकंच तो म्हणाला, आणि शिपायाला तंबूतल्या बाटल्या आणायला पिटाळलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं ओठ हलवले. मी कान नेला.

"आत्या, खाडी ओलांडल्यावर मी बाहेरची झाले होते. लपवलं."

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. पोटात काही न्हाय हे माहीत असून ती तो गूळ खाऊन रडली होती. मी म्हटलं, अग मग बोलायचं न्हाय का, मुली, जीव वाचला असता. ती म्हणाली, "एक दिवस तरी सगळी माझ्याशी बरं बोलली. कुणाला सांगू नकोस." बाटल्या यायच्या आत ती गेली.

त्याच घाटाखाली नामा दुसऱ्या दिवशी असाच आडवा झाला. त्याला तंबूत नेलं, शिरेतून मिठाचं पाणी दिलं, आणि तो आजही जाळं टाकतोय.

केसरसाठी तिथंच लाकडं रचली. डॉक्टरला घाई होती. पण वेणू दुरूनच ओरडायला लागली की पोटात पोर घेऊन मेलेली बाई मागं येते, घर खाते, आधी तिचा बंदोबस्त करा. हरेश्वर माझ्यापाशी आला. खाली बघूनच त्यानं विचारलं.

"बाय, शेवटी तू तिच्यापाशी होतीस. होतं का पोटात?"

न्हाय म्हटलं असतं तर तिला नीट अग्नी मिळाला असता. पण मग ती वांझ, ती खोटारडी, ती विटाळात पालखीबरोबर चालणारी. त्या दोघींनी मिळून पुढं आयुष्यभर तिचं नाव चघळलं असतं, वेणूनं आणि मुरुडहून येणारीनं.

"होतं," मी म्हटलं.

मग तिच्या तळपायात बाभळीचे काटे ठोकले. अंगठे बांधले. मी तिथंच उभी राहून सगळं पाहिलं, आणि बघताना मला ओरडावंसं वाटत होतं. पेटवल्यावर घरापर्यंतच्या सगळ्या वाटेवर, ती दाणे वेचत मागंच राहावी म्हणून, वेणू मोहरी टाकत आली.

आता दिवेलागणीलाच आमच्या घराला कडी लागते. नवी सून उंबऱ्याबाहेर पाय ठेवत न्हाय. मी मात्र पडवीतच निजते, बाहेरच्या बाजूला. वेणू म्हणते, वन्सं, भीती न्हाय वाटत तुम्हांला? कसली भीती? पायात काटे घेऊन ती पोर एवढी वाट चालत आली, तर तिला बस म्हणायला कुणीतरी बाहेर असायला नको?